पैसे मोजले म्हणून आलेख लवकर निघत नाही

अभियांत्रिकी महाविद्यालय असो, विद्यापीठाचा गणित विभाग असो की कारखान्याची चाचणी प्रयोगशाळा, आलेख काढायचं सॉफ्टवेअर घ्यायचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं. “फुकटचं आहे ते, पण फार स्लो चालतं.” बोलणाऱ्याच्या मनात कधी ग्नूप्लॉट असतं, कधी ऑक्टेव्ह किंवा सायलॅब, कधी पायथनमधलं मॅटप्लॉटलिब. समोर मॅटलॅब, मॅथेमॅटिका, मेपल ही पैसे मोजून घ्यायची नावं असतात. वाक्य उच्चारलं की चर्चा आटोपते आणि कोटेशन मागवायची तयारी सुरू होते. किती स्लो, कोणत्या मशीनवर, कोणता आलेख, किती बिंदू, कुणी मोजलं, हे विचारायची कुणाला गरजच वाटत नाही. ज्यांचा दिवस आकडेमोडीत जातो तीच माणसं एकाही आकड्याशिवाय हे विधान मान्य करतात, याची मला चीड येते.

या मताची बाजू आधी तिच्या पूर्ण ताकदीनिशी मांडतो, म्हणजे दुबळ्या पुतळ्याशी भांडल्याचा आरोप नको. ही मंडळी म्हणतात, कंपनीकडे पगारी अभियंते आहेत, वर्षानुवर्षं घासूनपुसून लख्ख केलेला कोड आहे, प्रोसेसर बनवणाऱ्यांची साथ आहे. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे हौशी लोकांनी आपापल्या सवडीने लिहिलेलं काम. शाळेतला पॅराबोला काढायला ते ठीक, पण दहा लाख बिंदू टाकले की कोलमडतं. आणि हे नुसतं ऐकीव नाही, आम्ही घड्याळ लावून पाहिलं आहे. शेवटी प्राध्यापकाचा आणि अभियंत्याचा वेळ म्हणजेच पैसा, तेव्हा लायसन्सची रक्कम वाचलेल्या वेळातून वसूल होते.

ऐकायला हे सारं भक्कम वाटतं. यातलं किती टिकतं ते पाहू.

‘हौशी लोकांचं काम’ या शेऱ्यापासूनच सुरुवात करतो, कारण बाकीचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे. मॅटलॅब जन्माला आलं ते १९७० च्या दशकाच्या शेवटी, न्यू मेक्सिको विद्यापीठात. क्लीव्ह मोलर यांना आपल्या विद्यार्थ्यांना फोरट्रान न लिहिता लिनपॅक आणि आइसपॅक या ग्रंथालयांचा वापर करू द्यायचा होता. ही दोन्ही ग्रंथालयं अमेरिकेत सार्वजनिक पैशातून उभी राहिली होती आणि कुणालाही मोकळी होती. मोलर यांनी आपला प्रोग्रामही मागेल त्याला दिला. त्यात आलेख निघायचा तो टंकलेखी अक्षरांचा, फुल्यांची रांग कागदावर छापून. कंपनी निघाली १९८४ मध्ये. २००० साली मॅटलॅबची सहावी आवृत्ती आली तेव्हा आतली मॅट्रिक्सची आकडेमोड लॅपॅकवर गेली, आणि लॅपॅकही मुक्तच आहे. आजही मॅटलॅबमध्ये फूरिए रूपांतर मागितलं की ते एफएफटीडब्ल्यू करतं. ते एमआयटीत मॅटेओ फ्रिगो आणि स्टीव्हन जॉन्सन यांनी लिहिलं आणि १९९९ मध्ये त्याला संख्यात्मक सॉफ्टवेअरसाठीचा विल्किन्सन पुरस्कार मिळाला. बहुतांश शून्यं असलेल्या प्रचंड मॅट्रिक्सची समीकरणं सोडवायला टिम डेव्हिस यांची अम्फपॅक आणि कोलमॉड ही मुक्त ग्रंथालयं आत राबतात. मेपल आणि मॅथेमॅटिका यांनी अवाढव्य पूर्णांकांच्या गुणाकारासाठी जीएमपीचा आधार घेतला आहे, तेही मुक्त.

ऑक्टेव्ह कशावर चालतं? याच लॅपॅकवर, याच एफएफटीडब्ल्यूवर, याच अम्फपॅकवर. मग एकाच ग्रंथालयाने एका ठिकाणी केलेली आकडेमोड वेगवान आणि दुसऱ्या ठिकाणी केलेली संथ कशी ठरते? बिल फाडल्यावर फूरिए रूपांतरातल्या पायऱ्या कमी होतात का?

इथे समोरून उत्तर येतं, “पण मोजलं तेव्हा फरक दिसला ना!” दिसला असेल. त्याचं कारण बहुतेक वेळा एका वेगळ्याच थरात असतं. लॅपॅकच्याही खाली बीएलएएस नावाचा थर असतो. मॅट्रिक्सचा गुणाकार प्रोसेसरच्या रचनेला साजेसा करणं हे त्याचं काम. मॅटलॅबसोबत इंटेलचं एमकेएल येतं, ते या कामात तरबेज आहे. ऑक्टेव्ह मात्र मशीनवर जो बीएलएएस सापडेल तो वापरतं. लिनक्सच्या एखाद्या मशीनवर नुसता संदर्भासाठी लिहिलेला, वेगाचा विचार न केलेला बीएलएएस पडून असेल, तर ऑक्टेव्ह त्याच्यावरच चालणार आणि मोठ्या गुणाकारात कित्येक पटींनी मागे पडणार. ओपनबीएलएएस बसवा, तेही मुक्त आहे आणि एका पॅकेजचं काम आहे, की तेच ऑक्टेव्ह, तोच कोड, तेच मशीन भराभर चालू लागतं. ज्यांनी घड्याळ लावलं त्यांनी खाली कोणता बीएलएएस होता हे पाहिलं होतं का? नसेल पाहिलं, तर त्यांनी दोन बीएलएएसची तुलना केली आणि निकाल मात्र दोन सॉफ्टवेअरच्या नावावर चढवला.

याची उलटी बाजू कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. एमकेएल प्रोसेसर कोणत्या कंपनीचा आहे ते तपासत असे. एएमडीचा दिसला तर तो जलद सूचना चालवू शकत असूनही त्याला संथ वाटेने पाठवत असे. परिणामी एएमडीच्या नव्या, दमदार मशीनवर महागडं मॅटलॅब विनाकारण रेंगाळत होतं. २०१९ च्या अखेरीस वापरकर्त्यांमध्येच यावरचा उपाय पसरला. एका एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमध्ये ५ हा आकडा ठेवला की एमकेएल जलद वाटेवर येत होतं. मॅटलॅबमध्ये अधिकृत दुरुस्ती आली ती २०२० च्या आवृत्तीत. तोवर पूर्ण पैसे भरलेल्या लोकांनी अर्ध्या वेगाचं सॉफ्टवेअर वापरलं, आणि असं का होतं हे सहज कळत नव्हतं, कारण एमकेएलचा कोड बंद होता. ‘प्रोसेसर बनवणाऱ्यांची साथ’ म्हणतात ती हीच ना?

आता त्या घड्याळाकडेच येऊ. आलेख काढला असं आपण म्हणतो तेव्हा चार कामं होतात. फाइल वाचली जाते, आकडेमोड होते, रेषा आणि बिंदू पिक्सेलमध्ये उतरतात, आणि ते पिक्सेल पडद्यावर किंवा फाइलमध्ये जातात. दहा लाख ओळींची साधी मजकुराची फाइल असेल तर अक्षरांचे आकडे करण्यातच बराचसा वेळ जातो. आलेखाशी त्याचा संबंध शून्य. तीच माहिती बायनरी स्वरूपात ठेवली की तो वेळ गळून पडतो. चौथ्या कामात ग्राफिक्स कार्ड, त्याचा ड्रायव्हर, दूरच्या सर्व्हरवर बसून काम चाललं असेल तर नेटवर्क, असे सगळे येतात. ग्राफिक्स ड्रायव्हर नीट नसेल तर मॅटलॅबसुद्धा कार्ड सोडून प्रोसेसरवरच चित्र रंगवतं आणि त्रिमितीय पृष्ठभाग फिरवताना अडखळतं. या चारांपैकी कशाला किती वेळ लागला हे न सांगता ‘एवढे सेकंद’ म्हणून एकच आकडा फेकणाऱ्याने काय सिद्ध केलं?

आणि सगळ्यात मोठा घोळ तर पहिल्या पायरीच्याही आधी होतो. दोन सॉफ्टवेअरना एकच सूत्र दिलं म्हणजे एकच काम दिलं, हा समज मुळातच चुकीचा आहे. हे बारकाईने पाहण्यासारखं आहे. ग्नूप्लॉट उघडा. काही न ठरवता ते एक्स-अक्षावर उणे १० पासून १० पर्यंतचा पट्टा घेतं आणि त्यात १०० ठिकाणी सूत्राची किंमत काढून ते बिंदू रेषांनी जोडतं. आता त्याला साइन ३१ एक्स काढायला सांगा. या पट्ट्यात या वक्राची जवळपास ९९ आंदोलनं व्हायला हवीत. चित्र काय येतं? डावीकडे खाली सुमारे उणे ०.८५ पासून निघून उजवीकडे वर सुमारे ०.८५ पर्यंत संथ चढत गेलेली एकच गुळगुळीत रेघ. एकही लाट नाही. कारण सोपं आहे. १०० बिंदूंमधलं अंतर ०.२०२० येतं आणि लाटेची लांबी आहे ०.२०२७. प्रत्येक बिंदू पुढच्या लाटेवर जवळजवळ त्याच जागी पडतो, इतका किंचित सरकून की सगळ्या लाटा निसटतात. गणित ठाऊक नसलेला विद्यार्थी ही रेघ जर्नलमध्ये चिकटवेल आणि ‘फलन सतत वाढत जाते’ असं निरीक्षण लिहून मोकळा होईल.

हे चित्र पापणी लवायच्या आत येतं. मॅथेमॅटिका मात्र आपणहून ५० बिंदूंपासून सुरुवात करतं आणि वक्र जिथे वळतो तिथे अंतरं दुभागत पुढे जातं, म्हणजे सूत्राची किंमत अनेक पटींनी जास्त वेळा काढतं. घड्याळ लावलंत तर इथे ग्नूप्लॉट जिंकेल. मी मुक्त सॉफ्टवेअरच्या बाजूने लिहितो आहे, तरीही हा निकाल मला नको, कारण तो खोटा आहे. एका शिंप्याने शंभर टाके घातले आणि दुसऱ्याने हजार, तर आधी उठला तो चपळ असं कुणी म्हणेल का? ग्नूप्लॉटला ५,००० बिंदू घ्यायला सांगितलं की खऱ्या लाटा दिसतात आणि मगच तुलनेला अर्थ येतो. जे माझ्या बाजूच्या निकालाला लागू, तेच समोरच्या बाजूच्याही निकालाला लागू. बिंदूंची संख्या न सांगता सांगितलेला वेग कुणाच्याही बाजूचा असो, तो मोडीत काढला पाहिजे.

टॅन एक्सचंही तेच. प्रत्येक अनंतस्पर्शी रेषेपाशी वक्र तुटतो. जे सॉफ्टवेअर तो तुटलेपणा ओळखायला वेळ घेतं ते बरोबर चित्र देतं. जे आंधळेपणाने दोन टोकं जोडतं ते लवकर संपतं आणि नसलेली उभी रेघ काढून ठेवतं. चुकीच्या आलेखाच्या वेगाचं कौतुक कशासाठी करायचं?

मग ‘मोठ्या डेटावर कोलमडतं’ हा मुद्दा. नेहमीचा पडदा १,९२० गुणिले १,०८० पिक्सेलचा असतो. म्हणजे आडव्या दिशेने १,९२० स्तंभ. एक कोटी बिंदूंचा कालक्रमाचा आलेख काढला तर एकेका पिक्सेलच्या स्तंभात ५,२०० च्या वर बिंदू कोंबले जातात. डोळ्याला त्यातून दिसते ती फक्त सर्वात वरची आणि सर्वात खालची किंमत. म्हणजे इथे वेग येतो तो काय काढायचं नाही हे ठरवण्यातून. मॅटप्लॉटलिबमध्ये याची सोय आधीपासून आहे. एका पिक्सेलच्या नवव्या भागाइतकाही फरक न पाडणारे रेषाखंड ते एकत्र करून टाकतं, आणि ही मर्यादा आपल्याला एका ओळीत बदलता येते. डेटाशेडर हे मुक्त सॉफ्टवेअर त्याही पुढे जातं. प्रत्येक बिंदू वेगळा रंगवण्याऐवजी प्रत्येक पिक्सेलमध्ये किती बिंदू पडले ते मोजतं आणि ती मोजणी रंगात दाखवतं. न्यूयॉर्कच्या टॅक्सीप्रवासांच्या एक कोटीहून जास्त नोंदींचा नकाशा हे त्याचं नेहमीचं प्रात्यक्षिक. इतके बिंदू साध्या स्कॅटर आलेखात ओतले तर कोणतंही सॉफ्टवेअर गुदमरेल, त्याची किंमत लाखात असली तरी. आणि वर हे सगळं पीडीएफमध्ये, प्रत्येक बिंदू वेगळा ठेवून साठवायला सांगायचं, मग ती फाइल उघडेना म्हणून ग्नूप्लॉटवर खापर फोडायचं!

त्रिमितीचं म्हणाल तर मॅटप्लॉटलिबमधला त्रिमितीय भाग खरोखर हळू आहे. तो ग्राफिक्स कार्ड न वापरता आकृती द्विमितीत सपाट करून रंगवतो, आणि जड त्रिमितीय कामासाठी मायावी वापरा असं त्याचेच लेखक सांगत आले आहेत. हे मायावी लिहिलं ते प्रभू रामचंद्रन यांनी, जे आज पवईच्या आयआयटी मुंबईत एअरोस्पेसचे प्राध्यापक आहेत. त्याच्या पोटात व्हीटीके आहे, जे १९९३ पासून वाढत आलं, आणि व्हीटीकेवरच उभं राहिलेलं पॅराव्ह्यू अमेरिकेच्या लॉस अॅलामॉस आणि सँडिया या राष्ट्रीय प्रयोगशाळांच्या सहभागातून, महासंगणकांवरच्या निकालांचं चित्रण करायलाच बनवलं गेलं. एका हळू साधनाचं नाव घेऊन अख्ख्या मुक्त सॉफ्टवेअरला संथ ठरवणारे लोक पॅराव्ह्यू कधी उघडून पाहतात का? की मुंबईत बसून लिहिलं जाणारं साधनही त्यांना मुंबईत दिसत नाही?

ऑक्टेव्हच्या बाबतीत एक गोष्ट मान्य करतो, आणि तेवढीच. लाखो फेऱ्यांचा लूप ऑक्टेव्हमध्ये मॅटलॅबपेक्षा पुष्कळ हळू चालतो. मॅटलॅबने २००२ पासून लूपचं धावताधावता यंत्रभाषेत रूपांतर करायला सुरुवात केली, २०१५ मध्ये ते इंजिन नव्याने बांधलं. ऑक्टेव्ह अजून ओळ वाचत, अर्थ लावत जातं. पण आलेखाच्या प्रॅक्टिकलमध्ये लूप कशासाठी लिहिला जातो? मी पाहिलेल्या विद्यार्थ्यांच्या कोडमध्ये फार वेळा एकच चूक सापडते. दहा हजार बिंदू, आणि प्रत्येक बिंदूसाठी प्लॉटची वेगळी हाक. आधीचा आलेख पुसू नको म्हणून होल्ड लावलेला. म्हणजे पडद्यावर दहा हजार वेगवेगळ्या वस्तू तयार होतात, आणि पडदा ताजा होताना दर वेळी त्या सगळ्या पुन्हा रंगवायची पाळी येते. मॅटलॅबमध्ये लिहा, मॅटप्लॉटलिबमध्ये लिहा, दोन्हीकडे गाडी रुततेच. तेच दहा हजार बिंदू एका अॅरेत ठेवून प्लॉटला एकदा हाक मारली की दोन्हीकडे क्षणात काम होतं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ते हेच, आणि हे अंगण सरळ करायला आपण सार्वजनिक पैशातून लायसन्स विकत घेतो. जो वेळ कोड सुधारायला शिकवण्यात जायला हवा, तो टेंडरच्या कागदांत जातो.

हलत्या आलेखांच्या तुलनेतही असंच चालतं. मॅटलॅबच्या दस्तऐवजातच ‘ड्रॉनाउ लिमिटरेट’ नावाची आज्ञा आहे. ती वापरली की पडदा सेकंदाला २० वेळांपेक्षा जास्त ताजा केला जात नाही, मधल्या पायऱ्या सरळ गाळल्या जातात. हा शहाणपणाचा उपाय आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती ही आज्ञा वापरलेला मॅटलॅबचा कोड, प्रत्येक पायरी इमानाने रंगवणाऱ्या मॅटप्लॉटलिबच्या कोडसमोर ठेवून ‘बघा, किती फरक’ असं म्हणणाऱ्यांबद्दल. आणि कंपनीचं चित्रण नेहमी पुढेच सरकतं असंही नाही. २०१४ च्या दुसऱ्या आवृत्तीत मॅटलॅबने आपली ग्राफिक्सची यंत्रणा पूर्ण बदलली. रेषा अधिक देखण्या झाल्या, पण जुना कोड आता रेंगाळतो अशा तक्रारी अनेक वापरकर्त्यांनी केल्या. त्या वेळी कुणी ‘पैसे मोजलेलं आहे, पण स्लो आहे’ असं म्हणत फुकटच्या साधनाकडे वळल्याचं मी ऐकलेलं नाही. मग हा निकष एकाच बाजूला का लावायचा?

ज्युलिया या मुक्त भाषेचं उदाहरण इथे समोरून हमखास फेकलं जातं, म्हणून मीच घेतो. ज्युलियात पहिला आलेख निघायला खरोखर फार वेळ लागत असे. साधी रेघ काढायलाही कित्येक सेकंद, कारण आलेखाचा सगळा कोड त्या क्षणी यंत्रभाषेत उतरवला जायचा. त्या समाजाने ही लाज झाकली नाही. ‘पहिल्या आलेखापर्यंतचा वेळ’ असं नावच त्यांनी त्या दुखण्याला दिलं, प्रत्येक आवृत्तीत तो जाहीरपणे मोजला, आणि २०२३ मध्ये १.९ या आवृत्तीत तयार यंत्रभाषा साठवून ठेवायची सोय करून तो एकदम खाली आणला. कुठे वेळ जातो हे कुणालाही बघता येत होतं, म्हणून कुणालाही दुरुस्त करता आलं. एमकेएलच्या प्रकरणाशेजारी हे ठेवून पाहा.

‘वेळ म्हणजे पैसा’ हा शेवटचा युक्तिवाद. मंजूर. मग सगळा वेळ मोजा. मॅटप्लॉटलिब जन्मालाच आलं ते या वेळेच्या हिशेबातून. जॉन हंटर अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतले विद्युत संदेश तपासणाऱ्या गटात काम करत होते. तिथे विश्लेषणाचं व्यापारी सॉफ्टवेअर होतं, पण लायसन्स एकच, आणि ते एका हार्डवेअरच्या डोंगलवर. विद्यार्थी, डॉक्टर, संशोधक सगळे तो डोंगल आळीपाळीने फिरवायचे. ज्याच्या हातात डोंगल नाही त्याच्यासाठी त्या सॉफ्टवेअरचा वेग किती होता? हंटर यांनी २००३ मध्ये मॅटप्लॉटलिब लोकांसमोर आणलं. २०१२ मध्ये ते गेले, आणि त्यांचं काम जगभरच्या लोकांनी पुढे चालवलं.

डोंगल आता गेला, त्याच्या जागी लायसन्स सर्व्हर आला. मी वावरलेल्या एका महाविद्यालयाच्या लॅबमध्ये प्रॅक्टिकलच्या तासाला लायसन्सची मर्यादा संपायची. अर्धे विद्यार्थी काम करायचे, उरलेले ‘वापरकर्त्यांची कमाल संख्या गाठली’ या संदेशाकडे बघत बसायचे आणि शेजाऱ्याचा आलेख उतरवून घ्यायचे. सर्व्हर बंद पडला की अख्खी बॅच बसून. शिवाय जुन्या हार्डडिस्कच्या मशीनवर ते जडशीळ सॉफ्टवेअर उघडेपर्यंत तासातली पहिली मिनिटं निघून जायची. हा वेळ कुणाच्या घड्याळात येतो? विद्यार्थी सुटीत हिंगोलीला किंवा गडचिरोलीला घरी जातो, तिथे त्याच्या लॅपटॉपवर लायसन्स नाही. त्याला त्या सॉफ्टवेअरचा कितीही वेग सांगा, त्याचा आलेख निघतच नाही.

हिंगोलीचं नाव सहज घेतलेलं नाही. त्याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहते आहे. लायगोने १४ सप्टेंबर २०१५ ला पकडलेली पहिली गुरुत्वीय लहर ११ फेब्रुवारी २०१६ ला जगाला सांगितली, तेव्हा मूळ डेटा आणि त्यातून तो प्रसिद्ध आलेख काढायचा पायथनचा कोडही लोकांना दिला. आलेख मॅटप्लॉटलिबने काढलेले. हिंगोलीतला विद्यार्थी आज घरबसल्या ते आलेख स्वतः काढू शकतो. १० एप्रिल २०१९ ला एम ८७ या दीर्घिकेतल्या कृष्णविवराचं पहिलं चित्र जाहीर झालं, त्यामागच्या स्वतंत्र पद्धतींपैकी एक पायथनमधल्या मुक्त ग्रंथालयावर चालली. एवढ्या कामाला जे वेगाने पुरलं, ते आपल्या दुसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला अपुरं पडतं, असं आपण नेमक्या कोणत्या पुराव्यावर म्हणतो?

आणि आता मुक्त सॉफ्टवेअरची बाजू घेणाऱ्यांनाही दोन शब्द, कारण त्यांनीही या मताला खतपाणी घातलं आहे. “थोडं हळू असलं तरी फुकट आहे, गरीब विद्यार्थ्यांसाठी बरं.” अशी वकिली नको. ज्याला पर्याय नाही त्याने हे वापरावं, असा त्याचा अर्थ होतो, आणि तो खोटा आहे. आयआयटी मुंबईत कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने चाललेल्या फॉसी प्रकल्पाने देशभरच्या विद्यार्थ्यांकडून अभियांत्रिकीच्या प्रचलित पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणं सायलॅबमध्ये लिहून घेतली आणि सगळ्यांसाठी खुली ठेवली. ते काम सायलॅबमध्ये नीट होतं म्हणून झालं, कुणाची दया म्हणून नव्हे. उलट मॅथेमॅटिका २०१३ पासून रास्पबेरी पाय या छोट्या संगणकासोबत मोफत मिळतं. तिथे ते हळू चालत असेल तर तो त्या छोट्या प्रोसेसरचा दोष. किंमत शून्य झाली म्हणून त्यातलं एकही सूत्र हळू झालेलं नाही.

तेव्हा मागणी स्पष्ट ठेवतो. सार्वजनिक पैशातून आलेखाचं सॉफ्टवेअर घ्यायचं कारण म्हणून ज्याला ‘वेग’ लिहायचा आहे, त्याने चाचणीचा पूर्ण कोड दोन्हीकडचा जोडावा. आवृत्ती, मशीन, ग्राफिक्स ड्रायव्हर, खालचा बीएलएएस कोणता, बिंदू किती, फाइल वाचायला किती आणि चित्र उतरायला किती वेळ, सगळं लिहावं. दोन्ही आलेख शेजारी छापावेत, म्हणजे ते एकच आलेख आहेत की नाही हे कुणालाही दिसेल. प्रॅक्टिकलच्या तासाला लायसन्ससाठी थांबलेल्या विद्यार्थ्यांची मिनिटं त्याच तक्त्यात मांडावीत. आणि तो कोड दुसऱ्या कुणाला आपल्या मशीनवर चालवून पाहता यावा. एवढं करून व्यापारी सॉफ्टवेअर खरंच वेगवान ठरलं, तर त्या कामासाठी ते जरूर घ्यावं. एवढं करायची तयारी नसेल, तर ‘स्लो’ हा शब्द खरेदीच्या कुठल्याही कागदावर लिहिण्याचा अधिकार कुणालाही नाही.